मुक्या बाजाराचा खडक

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. गोष्ट दोघांसाठी आहे, पण टोचली तर मोठ्यांनाच टोचेल.

दक्षिणेला एक उबदार बंदर होतं. तिथल्या लोकांना थंडी नुसती ऐकून माहीत. तरीही तिथला एक व्यापारी थंडीच्या जिवावर श्रीमंत झाला होता. दूर उत्तरेच्या एका ओसाड किनाऱ्यावर पाणमांजरं असत. त्यांचं कातडं दाट केसांचं आणि फार मऊ. व्यापारी ती कातडी जहाजात भरून आणायचा आणि डोंगरापलीकडच्या गार राज्यात विकायचा. तिथले सरदार त्यांचे झगे शिवून मिरवत.

उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर माणसं राहत होती. कातडी तीच तर आणून द्यायची. पण व्यापाऱ्याने त्यांच्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या बापानेही पाहिलं नव्हतं. हसू नका, खरंच सांगतो.

त्यांच्या व्यवहाराची रीतच तशी होती. समुद्रकाठी एक काळा, सपाट खडक होता. चार माणसांची पंगत बसेल एवढा. व्यापाऱ्याचं जहाज दूर नांगर टाकायचं. खलाशी मचव्यातून माल आणायचे : तांब्याची भांडी, सुऱ्या, सुया, रंगीत मणी. तो खडकावर मांडायचे, ओल्या लाकडांचा धूर करायचे आणि जहाजावर परत जायचे. धूर पाहून झाडीतून माणसं यायची, मालाशेजारी कातडी ठेवायची आणि पुन्हा झाडीत शिरायची. मग व्यापारी येऊन बघायचा. सौदा पटला तर कातडी उचलायची, माल सोडायचा. नाही पटला तर दोन्ही तिथेच ठेवून मागे फिरायचं. तिकडचे लोक काय ते समजायचे आणि आणखी कातडी आणून ठेवायचे.

कोणी कोणाला फसवत नसे. एवढं मात्र दोन्ही बाजूंना मानायला हवं.

ही रीत बापाने घालून दिली होती आणि तिचे दोन नियम होते. खडकावर रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि त्या लोकांशी बोलायला जायचं नाही.

"बोललं की एकतर भांडण होतं, नाहीतर मैत्री होते," बाप म्हणायचा. "आणि दोन्हींत भाव बिघडतो."

झाडीच्या आत पाय टाकायचा नाही, हे तर सांगायलाच नको होतं. एकदा एक खलाशी गंमत म्हणून निघाला, तर त्याच्या पायाशी बाण येऊन रुतला. पायाला नाही, पायाशी. तो मुकाट्याने परत आला आणि पुन्हा कोणी तशी गंमत केली नाही.

व्यापाऱ्याला या रीतीचा मोठा अभिमान होता. बंदरावर चार लोक जमले की तो सांगायचा, "इतकी वर्षं धंदा करतो, पण त्यांचा एक शब्द मला येत नाही. गरजच पडली नाही!" लोक वाहवा करायचे. मी तिथे असतो तर विचारलं असतं की यात वाहवा करण्यासारखं काय आहे. पण मी नव्हतो.

त्याच्या मनात एकच हुरहुर होती. बाप सांगायचा की पाणमांजरांत क्वचित एखादं पांढरं निघतं, दुधासारखं पांढरं. बापाने ते कधी पाहिलं नाही. व्यापाऱ्यानेही नाही. दर वर्षी कातड्यांचा ढीग उपसताना त्याचे डोळे तो पांढरा रंग शोधायचे.

एका वर्षी तो आपल्या धाकट्या भावाला बरोबर घेऊन निघाला. बाप गेल्यावर त्याला वाढवलं होतं ते यानेच. भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. हसरा, कामाला वाघ, आणि दादाच्या शब्दाबाहेर न जाणारा. जहाज चालवायला तांडेल होता, आणि तांडेलाबरोबर त्याची बायको होती. बंदरातल्या बायका जहाजावर जात नसत, पण या तांडेलिणीचा जन्मच जहाजावर झालेला. तिला जमिनीवरच झोप येत नसे.

त्या वर्षी माल चांगला मिळाला. जहाजाचं पोट कातड्यांच्या गासड्यांनी भरलं. तांडेल म्हणाला, "शेठ, आता निघू या. वारं फिरायला लागलंय."

"अजून एकदा खडकावर माल मांडू," व्यापारी म्हणाला. "एकच खेप."

त्या एका खेपेची वाट बघताना वादळ आलं. नांगर घसरला. जहाज खडकांवर आपटलं आणि कुशीला मोठं भगदाड पडलं. किनारा जवळ होता, त्यामुळे माणसं वाचली. सगळे छातीभर पाण्यात उतरले आणि जहाजातून सामान काढू लागले.

आता नीट ऐका, कारण इथेच पहिली चूक झाली. जहाजात तांदळाच्या गोण्या होत्या, सुक्या मासळीच्या टोपल्या होत्या, पीठ होतं. आणि कातड्यांच्या गासड्या होत्या. खलाशांनी आधी गासड्या काढल्या. कोणी हुकूम दिला नव्हता. वर्षानुवर्षं त्यांना एकच शिकवण होती की आधी माल सांभाळायचा, म्हणून हात आपोआप तिकडे गेले. व्यापाऱ्याचा भाऊ तर सगळ्यांच्या पुढे. शेवटची गासडी बाहेर येईपर्यंत तो त्या बर्फाळ पाण्यातून हलला नाही. मग भांड्यांच्या, सुऱ्यांच्या आणि मण्यांच्या पेट्या काढल्या. जहाजाची पितळी घंटा काढली. आणि तांदळाकडे वळले तेव्हा एक मोठी लाट आली, जहाज मधोमध मोडलं आणि गोण्या, टोपल्या, पीठ, मचवा, सगळं गेलं.

किनाऱ्यावर बसून त्यांनी काय वाचलं ते पाहिलं. राजवाड्यातल्या सगळ्या माणसांना पुरतील एवढी कातडी होती. स्वयंपाकाला दोनशे माणसांची भांडी होती. शिजवायला काही नव्हतं.

थंडीची काळजी नव्हती. गासड्या फोडून त्यांनी कातडी अंगाखाली घातली, अंगावर घेतली, काठ्यांवर टाकून तंबू केले. ज्या कातड्यांसाठी सरदार एकमेकांशी भांडत, त्यांवर खलाशी ओले पाय पुसत होते. पण पोटाचं काय? मासे धरायला जाळं नव्हतं, आणि समुद्र इतका खवळलेला की पाण्यात उभं राहवत नव्हतं. खडकांवरच्या शिंपल्या खाल्ल्या, तर तिघे जण रात्रभर तळमळले. पुन्हा कोणी शिंपल्यांना हात लावला नाही. झाडीत जायची सोय नव्हती. तो बाण सगळ्यांना आठवत होता.

भावाला ताप भरला. पाण्यात फार वेळ उभा राहिल्याचा तो परिणाम. तांडेलीण त्याच्या उशाशी बसायची. तांडेलाचा स्वतःचा हात मोडला होता, पण तो म्हणायचा, "माझं राहू दे. त्याच्याकडे बघ. त्याच्या पोटात काही गेलं तरच तो उठेल."

व्यापारी घाबरला नव्हता. त्याच्याकडे उपाय होता.

"काळा खडक इथून जवळच आहे," तो म्हणाला. "भांडी मांडू, धूर करू. ते लोक खायला आणतील."

कोणालाच यात काही चुकीचं दिसलं नाही. भांडी मांडली, धूर केला आणि सगळे लांब जाऊन बसले. थोड्या वेळाने जाऊन पाहिलं. भांड्यांशेजारी कातड्यांचा ढीग होता. सुरेख, दाट, एकसारखी कातडी.

"अरे, कातडी कशाला?" व्यापारी ओरडला. पण ओरडून ऐकणार कोण? आणि ऐकलं तरी समजणार कोणाला?

त्याने रीतीप्रमाणे केलं. सौदा पटला नाही म्हणून दोन्ही तिथेच ठेवून मागे फिरला. ओहोटीला पुन्हा जाऊन पाहिलं. कातड्यांचा ढीग दुप्पट झाला होता.

मग त्याने माल वाढवला. सुऱ्या ठेवल्या, मण्यांच्या माळा ठेवल्या. कातडी आणखी चांगली आली. एका खलाशाच्या खिशात मूठभर भिजका तांदूळ निघाला. त्याला युक्ती सुचली. "शेठ, हा भांड्यात घालून ठेवू. त्यांना कळेल आपल्याला काय हवंय." पोटाला चिमटा काढून तो तांदूळ ठेवला. त्या लोकांनी तांदूळ कधी पाहिलाच नव्हता. नवीन जातीचे मणी असतील असं समजून त्यांनी तो उचलून नेला आणि त्याच्या बदल्यात एक लहानसं, नीटनेटकं कातडं ठेवलं.

खलाशांना हसूही आलं आणि रडूही. एक जण म्हणाला, "शेठ, तुम्ही म्हणत होता ना, कातड्याला तोटा नाही पडायचा!" नेहमीचा दिवस असता तर त्याला बोलणी बसली असती. त्या दिवशी व्यापाऱ्याने ऐकून घेतलं.

असे दिवस जात राहिले. एक म्हातारा खलाशी गेला. त्याला वाळूत पुरलं. भाऊ डोळे उघडायचा, पाणी मागायचा, पुन्हा मिटायचा.

एका सकाळी तांडेलीण व्यापाऱ्याकडे आली.

"शेठ, जरा ऐका माझं. आपण खडकावर भांडी ठेवतो. भांडी ठेवली की कातडी द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. आजवर आपण त्यांच्याकडे दुसरं काही मागितलंय का कधी?"

"मग काय करायचं म्हणता, वहिनी?"

"मी जाते. काही न घेता. खडकावर जाऊन बसते आणि बसूनच राहते. येतील, बघतील. माझं तोंड बघून तरी कळेल त्यांना."

व्यापारी चपापला. "रिकाम्या हाताने? खडकावर?"

"हातात काही असलं की ते हातातलंच बघतात, शेठ."

"वहिनी, तुम्हाला धंदा समजत नाही. एकदा रिकाम्या हाताने गेलो की आपण भिकारी ठरलो. पुढच्या वर्षी कातडी मागायला कोणत्या तोंडाने येणार? एका भांड्याला आज ढीग देतात, उद्या एक कातडंही देणार नाहीत."

तांडेलीण त्याच्याकडे बघतच राहिली. "पुढच्या वर्षी?" ती म्हणाली. "शेठ, तुमचा भाऊ उद्यापर्यंत तरी टिकेल का, ते सांगा."

व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भावावर त्याचा जीव होता, ते खोटं नव्हतं. पण बापाची रीत त्याच्या हाडात मुरलेली होती. तो म्हणाला, "आज एवढं करू द्या. घंटा ठेवतो. इतकी मोठी वस्तू आपण कधीच ठेवली नाही. ती पाहून त्यांना कळेल की काहीतरी वेगळं हवंय. नाहीच जमलं, तर उद्या तुम्ही म्हणाल तसं."

तांडेलीण गप्प राहिली. ती नंतर म्हणायची की तेव्हा आपण गप्प बसायला नको होतं.

पितळी घंटा खडकावर ठेवली. धूर केला. या वेळी फार उशीर लागला. दुपार कलल्यावर व्यापारी एकटाच बघायला गेला.

घंटेशेजारी एकच कातडं होतं. पांढरं.

दुधासारखं पांढरं, एकही काळा केस नसलेलं. त्याच्या बापाने जन्मभर ज्याची नुसती वाट पाहिली, ते. व्यापारी खाली वाकला आणि त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. उचललं म्हणजे सौदा पुरा झाला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तेवढ्या क्षणापुरता तो आपल्या भावाला विसरला. मी त्याला शिव्या देणार नाही. पण झालं ते लपवणारही नाही.

तो पळत तंबूत आला. "बघ, बघ काय मिळालं!"

भावाने डोळे उघडले. त्याने कातड्यावरून बोटं फिरवली. "पांढरं, दादा? खरंच?" तो हसला. "बाबांना दाखवायला हवं होतं." मग थोड्या वेळाने, लहान मूल विचारतं तसं त्याने विचारलं, "खायला नाही का रे दिलं काही?"

व्यापाऱ्याने ते कातडं त्याच्या अंगावर पांघरलं.

उजाडलं तेव्हा भाऊ गेलेला होता. त्याचा हात त्या पांढऱ्या कातड्यावरच होता.

त्यानंतर तांडेलिणीने कोणाला विचारलं नाही. तिने अंगावरची शाल काढून नवऱ्याच्या अंगावर टाकली, हातातल्या बांगड्याही काढून ठेवल्या, आणि चालू लागली. तिने खडकावर काही मांडलं नाही. धूरही केला नाही. ती वर चढली, मांडी घालून बसली आणि दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले.

झाडीत काही हललं नाही. भरती सुरू झाली. पाणी खडकाला लागलं, मग तिच्या पायाला लागलं. लांबून खलाशी ओरडत होते, "वहिनी, परत या! पाणी चढतंय!" ती उठली नाही. तिला भीती वाटत होती, थंडी वाजत होती, आणि रागही आला होता : समुद्राचा, व्यापाऱ्याचा, स्वतःच्या गप्प बसण्याचा.

मग झाडीतून एक म्हातारी बाहेर आली.

लहानशी, वाकलेली, अंगावर सालीची विणलेली चादर. किनाऱ्यावर समोर माणसं असताना त्या लोकांपैकी कोणी असं बाहेर आलं नव्हतं. ती पाण्यातून चालत खडकापाशी आली आणि थांबून विचार करू लागली. खडकावर जे ठेवतात, त्याच्या बदल्यात त्याच्या तोडीचं काहीतरी ठेवायचं, ही रीत तिच्या लोकांनाही इतक्या वर्षांत अंगवळणी पडली होती. आज खडकावर एक बाई होती. म्हातारी वर चढली आणि तिच्या शेजारी स्वतः बसली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग म्हातारीने हात पुढे केला आणि तांडेलिणीच्या गालाचं हाड चाचपलं. तिचं तोंड उघडून आत पाहिलं, लेकराचं बघतात तसं. पोटावर हात ठेवला. आणि झाडीकडे तोंड करून ती अशी काही ओरडली की लांब उभ्या असलेल्या खलाशांनाही शब्द न कळता अर्थ कळला. ती आपल्या लोकांना फैलावर घेत होती.

झाडीतून माणसं धावत आली. पुरुष, बायका, कडेवरची पोरं. कोणाच्या हातात भाजलेला मासा, कोणाच्या टोपलीत सुकवलेले कंद, कोणाकडे माशाच्या तेलाचं लाकडी भांडं. त्यांनी खलाशांना हाताने भरवलं, थोडं थोडं, कारण उपाशी पोटाला एकदम देऊ नये हे त्यांना माहीत होतं. तांडेलाचा हात त्यांनी काड्या लावून बांधला. ज्यांच्या बाणाला हे लोक इतके घाबरत होते, ते घाईघाईत बाण घरी विसरून आले होते.

सगळा हिवाळा त्या माणसांच्या घरांत गेला. तांडेलीण म्हातारीच्या चुलीपाशी बसायची आणि एकेक शब्द शिकायची. तिथे तिला बऱ्याच गोष्टी कळल्या. इतक्या वर्षांची तांब्याची भांडी त्या लोकांनी ठोकून त्यांची हातात घालायची कडी केली होती. भांड्यात अन्न शिजवतात हे ऐकून ते पोट धरधरून हसले. ते लाकडी पेटीत पाणी घालून त्यात तापलेले दगड टाकायचे आणि शिजवायचे. त्यांना भांड्यांची काहीच गरज नव्हती.

पुरेसे शब्द आल्यावर तांडेलिणीने एक दिवस विचारलं, "आजी, आमचं जहाज फुटलं ते तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं की."

"मग आम्ही उपाशी आहोत हे कळलं नाही?"

म्हातारीने विस्तव सारखा केला. "बाई, जहाज फुटलं तेव्हा तुम्ही पाण्यात उतरून काय काढलंत? कातडी. बाकी सगळं वाहून जाऊ दिलंत. आम्ही म्हटलं, या लोकांना कातडीच हवीत. ज्याला भूक असते तो आधी खायचं उचलतो."

"आणि आम्ही तुमची कातडी खडकावर तशीच ठेवून गेलो, तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, आमची कातडी तुम्हाला कमी पडली. साठवलेली सगळी देऊन झाली होती. मग आम्ही आमच्या पोरांची पांघरुणं काढून आणली. आणि ती मोठी वाजणारी वस्तू तुम्ही ठेवलीत, तेव्हा आम्हाला भीतीच वाटली. एवढं देणारा माणूस केवढं मागत असेल! घराघरांतून शोधलं. शेवटी माझ्या नातवाच्या पाळण्यातलं पांढरं कातडं काढून दिलं. पोर दोन रात्री रडत होतं."

तांडेलिणीने हे व्यापाऱ्याला सांगितलं. तो त्या लोकांच्या एका घरात कोपऱ्यात बसून असायचा. समोर आणून ठेवलेलं खायचा, पण कोणाच्या घरी जायचा नाही, कोणाकडे मान वर करून बघायचा नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तोंड झाकून तो मोठमोठ्याने रडला. भाऊ गेला त्या दिवशीही तो इतका रडला नव्हता.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही आदल्या दिवशी गेला असता तर..."

"हो, शेठ," तांडेलीण म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "'मला भूक लागली आहे', हे त्यांच्या बोलीत कसं म्हणतात?"

तिने सांगितलं. फार लहान वाक्य होतं. त्याने ते घोकून पाठ केलं.

वसंतात बंदरातलं दुसरं एक जहाज शोध घेत आलं. निघायच्या दिवशी व्यापारी पांढरं कातडं घेऊन काळ्या खडकावर गेला. त्याने ते झटकून नीट पसरून ठेवलं. पण रीतीप्रमाणे मागे फिरला नाही. तिथेच बसून राहिला.

म्हातारी आली. तिने कातडं पाहिलं, आणि बदल्यात द्यायला ती घंटा आणायला वळली. सौदा म्हणजे सौदा, हे तिलाही शिकवलेलं होतं. व्यापाऱ्याने मान हलवली. त्याने रिकामे हात पुढे केले आणि ते वाक्य म्हटलं. उच्चार वेडावाकडा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या लोकांशी बोलला.

म्हातारी हसली. तिने कनवटीचा सुकवलेला मासा काढला, अर्धा मोडून त्याला दिला आणि अर्धा आपण घेऊन शेजारी बसली. दोघांनी तो खाल्ला. खाताना व्यापाऱ्याचे डोळे वाहत होते, आणि म्हातारीने ते पुसले नाहीत, वाहू दिले. समोर वाळूत त्याच्या भावाला पुरलं होतं ती जागा दिसत होती. तिथे त्या लोकांनी दगड रचून ठेवले होते. माशाचा एक तुकडा व्यापाऱ्याने हातात राखून ठेवला आणि उठून त्या दगडांवर नेऊन ठेवला.

पांढरं कातडं पुन्हा पाळण्यात गेलं. घंटा तिथेच एका झाडाला टांगली गेली. व्यापारी त्यानंतरही त्या किनाऱ्यावर येत राहिला, आणि आपल्या माणसांनाही येत राहायला सांगून गेला. पण बापाचा नियम त्याने बदलला. खडकावर पहिला माणूस रिकाम्या हातानेच जायचा. तो बसायचा, समोरचा माणूस येऊन शेजारी बसायचा. दोघे काहीतरी खायचे आणि एकमेकांना विचारायचे, यंदा तुमच्याकडे काय कमी आहे? त्यानंतर माल मांडायचा. बापाला भीती होती तसा भाव कधीमधी बिघडलाही. पण किनाऱ्यावर जहाज फुटलं तरी पुन्हा कोणी उपाशी मेलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा : ज्याच्यापुढे आपली भूक सांगता येत नाही, त्याच्याशी जन्मभर व्यवहार केला तरी त्याची ओळख झालेली नसते.